चार बोटं जागा

“आता जे सांगणार आहे, त्यावर आजवर एकाही शहाण्या माणसानं विश्वास ठेवलेला नाही,” मी म्हटलं. “तुम्हीही ठेवू नका. ठेवलात तर मला तुमची काळजी वाटेल.”

हे बोललो तेव्हा भाचीच्या गॅरेजात बाकावर दोघं बसले होते. एक गणिताच्या बाई. त्यांच्या गाडीचं ऑइल बदलणं चाललं होतं आणि तोवर त्या मुलांच्या वह्या तपासत होत्या. दुसरे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाचीचे वडील. दाजींची उभी हयात वजनकाट्यावर गेली. ट्रक चढवायचा, आकडा वाचायचा, पावती फाडायची. त्यामुळे बोलतातही तोलून. त्या सकाळी त्यांनी दोनच शब्द खर्च केले होते, ‘साखर’ आणि ‘नको’. भाची स्वतः खड्ड्यात, बाईंच्या गाडीखाली होती. तिचा नुसता आवाज वर येत होता आणि अधूनमधून एक काळा हात, पाना मागायला. मी जुन्या टायरवर बसलो होतो. गॅरेजात मला आता काम नसतं, पण टायर माझा आहे.

“कशाबद्दल सांगणार आहात?” बाईंनी लाल पेनाचं टोपण काढत विचारलं.

“उष्णतेबद्दल. तुम्ही मघाशी विचारलंत ना, गाडीखाली हा चकचकीत पत्रा कशाला, खडखडतो तर काढून टाकू का?”

“हो, विचारलं.”

“तर असाच एक पत्रा आम्ही काढून टाकला होता. दाजी साक्षीला आहेत. कुठं चुकलो तर तेच थांबवतील.”

दाजींनी चहाचा घोट घेतला. ही मी संमती धरली आणि सुरुवात केली.

ही भाची तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. गॅरेज तेव्हा माझं होतं आणि ती माझ्या हाताखाली शिकत होती. म्हणजे मी सांगायचो एक आणि ती करायची बरोबर ते. तिनं एक छोटी गाडी घेतली होती. गाडी कसली, चार चाकांवर ठेवलेली तक्रार. दोन वर्षं एकेक सुट्टी घालून तिनं ती उभी केली. इंजिन खोललं, घासलं, पुन्हा बांधलं. डोळ्यांसमोर एकच गोष्ट, डोंगरावरची वार्षिक चढाई. अकरा किलोमीटर चढ, सव्वीस वळणं. एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. बक्षीस म्हणून एक कप मिळतो, तोही बोटानं दाबला तर पोचा पडेल असा. पण वेड लागलं की लागलं.

इंजिनाला दम पुरावा म्हणून तिनं कंपनीचा सायलेन्सर काढला आणि बाजारातला फ्री-फ्लो बसवला. कंपनीचा सायलेन्सर म्हणजे सरकारी कचेरी. धूर आत शिरला की चार टेबलं फिरून, सही-शिक्का घेऊन मग बाहेर. फ्री-फ्लो म्हणजे ओळखीचा माणूस, मागच्या दारानं सरळ. गाडी पळायला लागली खरी. फक्त नवी नळी जाड होती आणि अ‍ॅक्सलला अगदी खेटून जात होती.

“अ‍ॅक्सल म्हणजे?” बाईंनी विचारलं.

अ‍ॅक्सल म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा. त्याच्या टोकाला जॉइंट. जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या. गोळ्या ग्रीसमध्ये खेळतात म्हणून चाक वळतंही आणि फिरतंही. ग्रीस सांडू नये म्हणून वरून रबराचा बूट, भात्यासारखा चुण्याचुण्यांचा, दोन्ही टोकांना क्लॅम्पनं आवळलेला. बूट गेला की ग्रीस गेलं, ग्रीस गेलं की गोळ्या गेल्या, गोळ्या गेल्या की गाडी हुंदके देत जागच्या जागी. आणि रबराचं नि आगीचं जमत नाही, हे काय मी सांगायला हवं?

कंपनीनं म्हणूनच मधे तो पत्रा लावलेला असतो. नव्या नळीला तो आड येत होता. मी म्हटलं, “काढ गं, शोभेला लावतात.” तिनं काढला. त्याची मी कचरा भरायची सुपली केली. चांगली टिकली.

“म्हणजे चूक तुमची,” बाई म्हणाल्या.

“सल्ला माझा. चूक पत्र्याची.”

खड्ड्यातून काळा हात वर आला. “मामा, सतराचा पाना. आणि गोष्ट जरा हळू सांगा, वर धूर होतोय.”

पाना दिला आणि पुढं निघालो.

पहिल्या सरावाला आम्ही दोघं गेलो. ती स्टिअरिंगवर, मी शेजारी. नवव्या वळणावर असा वास आला की कुणीतरी चप्पल भाजतंय. मग चाकातून टक, टक, टक. उतरून वाकलो तर बूट मेणबत्तीसारखा ओघळलेला आणि ग्रीस नळीवर सांडून चर्रचर्र करतंय. नळी किती तापली असेल? सकाळी मी तिच्यावर एक बोल्ट विसरलो होतो. तो आता वॉशर झाला होता.

बाईंनी वहीवरून मान वर केली. “बोल्टचा वॉशर कसा होईल?”

“मीही हेच म्हटलं. पण लावून पाहिला, मापात बसला.”

दुधाच्या टेम्पोला दोरी बांधून गाडी घरी आणली. दाजी फाटकात उभे होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि आत गेले.

नवा बूट घातला आणि ठरवलं की नळीच लांब न्यायची. वेल्डरला बोलावलं. मी त्याला सांगितलं, “बूट आणि नळीच्या मधे चार बोटं जागा सोड.” आता तुम्ही म्हणाल, गॅरेजात पट्टी नव्हती का? होती. तिनं आम्ही चहा ढवळायचो. आमच्या धंद्यात मापं हातातच असतात. बोटभर, वीतभर, मूठभर. माझ्या गुरूनं तसंच शिकवलं, मी तसंच शिकवलं, आणि आजवर एकही गाडी उलटी जोडली गेली नाही.

वेल्डरनं नळी कापली, फिरवली, डाग दिला, मधे हात घालून पाहिला आणि म्हणाला, “चार बोटं, बरोब्बर. वर कागदही जाणार नाही.”

दुसऱ्या सरावाला पंधराव्या वळणावर तोच वास. तीच टकटक. मी वाकून मधे हात घातला. माझी तीनच बोटं गेली. चौथं बाहेर उभं, लग्नात जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखं.

खाली आल्यावर वेल्डरला धरला. “किती बोटं सोडलीस रे?”

“चार.”

“दाखव.”

त्यानं डावा हात पुढं केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. करंगळीच्या जागी काहीच नव्हतं.

“ही तीन आहेत!”

“तीन दिसतात. एक ग्राइंडरला गेलं. म्हणून काय पंजा लहान झाला? मी ते धरूनच मोजतो.”

“नसलेलं बोट धरून?”

“मग काय सोडून देऊ? माझंच बोट आहे ना?”

 

“आणि ती गाडी?” बाईंनी विचारलं.

ती पुन्हा दोरीनं आली. दाजी पुन्हा फाटकात. या वेळी ते आत गेले नाहीत. पुढं आले, दोरीची गाठ हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “आणखी एकदा दोरीनं आली, तर भंगारात.”

दाजींच्या तोंडून एवढे शब्द सलग निघाले की ती घोषणा असते. वजनकाट्याची पावती ती. खाडाखोड नाही. माझी बहीण मधे पडायला गेली तर त्यांनी नुसता हात वर केला. भाचीनं पावती घेतल्यासारखी मान हलवली. बापाचीच लेक ती. हात धुतले, टॉवेल जागेवर टांगला, जेवायला बसली आणि पोळीचा एकच तुकडा अर्धा तास मोडत राहिली. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडताना मला म्हणाली, “मामा, ही गाडी गेली तर मी पुन्हा पाना धरणार नाही. कुठंतरी खुर्चीवर बसून काम करीन.”

आमच्या सात पिढ्यांत कुणी खुर्चीवर बसून काम केलेलं नाही. मला घाम फुटला. चढाई नऊ दिवसांवर आली होती.

पहिल्यांदा आम्ही नळीला पट्टी गुंडाळली. काचेच्या धाग्यांची विणलेली असते, बँडेजसारखी. पाण्यात भिजवून घट्ट ओढत, एकावर एक चढवत जायचं. नळी अशी दिसायला लागली की पाय मोडून घरी पडलीय. बुटापाशी उष्णता लागेना. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी गाडी आवारातच तासभर चालू ठेवली, तर मागच्या बाजूला गिअरबॉक्सखालचं रबरी माउंटिंग, म्हणजे त्याचा टेकू, पापडी होऊन गळून पडलं. उष्णतेचं असंच असतं. न बोलावता आलेला पाहुणा. एका घराचं दार बंद दिसलं की शेजारच्या घरी पथारी पसरतो. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, तसं आमचं चाललं होतं. बुटाला वाचवलं तर माउंटिंग गेलं, माउंटिंगला वाचवलं तर गिअरची केबल कडकडून गेली.

शेवटी भाचीनं जमिनीवर खडूनं अख्ख्या गाडीचं पोट काढलं. नळी कुठून जाते, कुठं काय रबराचं आहे, कुठं काय प्लास्टिकचं. पट्टी चहाच्या पेल्यातून काढली, पुसली आणि सगळं मोजलं. मला म्हणाली, “मामा, उष्णता अडवायची नाही. तिला वाट द्यायची. दोन पत्रे लावू, मधे हवा खेळती ठेवू. पहिला पत्रा तापेल, वारा त्याला निववेल, दुसऱ्याला कळणारही नाही.”

“दोघांच्या मधे किती अंतर?” मी विचारलं.

“बारा मिलिमीटर.”

“म्हणजे बोटभर.”

“कुणाचं बोट?” असं म्हणून तिनं पट्टी माझ्यापुढं धरली.

स्टीलचा पत्रा आणला. तिनं तो इतका घासला की त्यात मला माझा म्हातारपणचा चेहरा दिसला. तेव्हा मी म्हातारा नव्हतो. दोन-दोन पत्र्यांची एक ढाल बुटापुढं, एक माउंटिंगवर, एक केबलीखाली. बूटही नवा घातला.

आता खरी गंमत. गाडी चालू केली, वीस मिनिटं रेस दिली. मी उजवा हात ढालीच्या नळीकडच्या बाजूला नेला, तर मनगटावरचे केस गेले. डावा हात बुटाच्या बाजूला नेला, तर हुडहुडी भरली. ढाल इतकी चोख बसली होती की इकडची उष्णता तिकडं जाईना आणि तिकडची थंडी इकडं येईना. आमच्या गॅरेजचं मांजर कायम गाडीखाली झोपायचं. त्या दिवशी बुटाच्या बाजूला झोपलं. संध्याकाळी बाहेर आलं तेव्हा अंगावर दुप्पट लव. पुढच्या हंगामापर्यंत झडली नाही.

बाईंनी एक वही मिटली. “मांजर.”

“पिवळं होतं. आता नाही.”

“दाजी, तुम्ही पाहिलंत ते मांजर?”

दाजींनी शब्द तोलले. “मांजर होतं,” ते म्हणाले.

“घ्या!” मी म्हटलं.

आणि एवढ्यानं भागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलेना. जॉइंटमधलं ग्रीस थंडीनं गोठलं होतं. दगडासारखं. मग काय, ढाल सैल केली, इंजिन चालू करून बुटाला थोडं शेकलं, मग पुन्हा आवळली. ज्या उष्णतेच्या भीतीनं आठवडाभर झोप नव्हती, तिच्याकडं हात जोडून चमचाभर मागून घ्यावी लागली.

चढाईच्या दिवशी सकाळी दाजी म्हणाले, “कामाला जातो,” आणि गेले. बहिणीनं भाचीच्या कपाळावरचं ग्रीस पदरानं पुसलं. आम्ही दोघं निघालो. अठरा गाड्या होत्या. आमचा नंबर पहिला, कारण चिठ्ठी मी काढली होती.

भाचीनं गाडी सोडली आणि मी डोळे मिटले. नववं वळण गेलं. वास नाही. पंधरावं गेलं. टकटक नाही. पण तीन ढालींनी परतवलेली उष्णता जाणार कुठं? वर इंजिन, बाजूला ढाली, मागं वारा. ती सरळ खाली रस्त्यावर. डांबर मऊ पडलं, चाकं त्यात बोटभर रुतली—

“बारा मिलिमीटर,” खड्ड्यातून आवाज आला.

बारा मिलिमीटर रुतली, आणि वळणावर गाडी हलेल तर शपथ. पाट्यावर वरवंटा फिरावा तशी फिरली. मागं दोन चाकोऱ्या उमटल्या, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. मिनिटाभरात डांबर पुन्हा घट्ट. मागच्या सतरा गाड्या त्याच चाकोरीतून वर आल्या. स्टिअरिंग फिरवायची गरजच नाही. एकानं वाटेत हात मोकळे सोडून दाढी केली. तरी आमच्यापेक्षा दोघेच पुढं गेले. भाची तिसरी आली. तो कप तिथं फळीवर आहे, त्यात ती वॉशर ठेवते.

“कप आहे खरा,” बाईंनी मान वळवून पाहिलं. त्यांचा आवाज किंचित बदलला होता. लाल पेन थांबलं होतं. “पण कपाचा काय उपयोग? घरी कशी आली गाडी? मुद्दा तर तोच होता ना, दोरीनं आली तर भंगारात?”

बाईंचं हे बरं असतं. उदाहरण सोडवताना काय काढायचंय ते विसरत नाहीत.

“घरी ना,” मी म्हटलं, “घरी अशी आली की राजा येतो तशी. उताराला इंजिन गार, बूट करकरीत, जॉइंट मुका. मी भाचीला म्हटलं, आता हळू चालव, लोकांना बघू दे. शेवटचं वळण घेतलं. घर दिसलं. फाटकात दाजी उभे. दोरी दिसत नाही म्हणून त्यांनी आधी गाडीच्या पुढं पाहिलं, मग मागं पाहिलं, मग वाकून खाली पाहिलं. इंजिन असं गुरगुरत होतं की पोटभर दूध प्यालेलं मांजर. गाडी आपल्या पायांनी, आपल्या दमावर फाटकातून आत शिरली आणि दाजींनी खिशातून रुमाल काढून डोळे—”

दाजींनी कप बाकावर ठेवला. आवाज झाला.

“साफ खोटं,” ते म्हणाले.

दाजी बाईंकडं वळले आणि वजनाचा आकडा वाचावा तसे बोलायला लागले.

“मी फाटकात नव्हतो. सकाळपासून यांच्या मागंच होतो, माझ्या गाडीत. वर जाताना, येताना. शेवटच्या वळणावर यांचा जॉइंट निसटला. इंजिन ओरडतंय आणि चाक हलत नाही. तीन गोळ्या रस्त्यावर. त्या मी वेचल्या.”

“मग?” बाई म्हणाल्या.

“दोरी होती माझ्या डिकीत. काढली नाही. तिच्या गाडीला मागून खांदा लावला आणि ढकलत आणली. पोरगी स्टिअरिंगवर. हे मेहुणे शेजारी बसलेले. उतरलेसुद्धा नाहीत.”

“मला गुडघ्याचं होतं,” मी म्हटलं.

“म्हणजे बूट वितळलाच शेवटी,” बाई म्हणाल्या. “ढाली लावूनही.”

“नाही. ढाली चोख होत्या. पोरीचं काम होतं ते. बूट कोरा होता. एका टोकाचा क्लॅम्प लावलेला नव्हता, ग्रीस तिथून गेलं.”

खड्ड्यातला पान्याचा आवाज थांबला.

“क्लॅम्प मामांनी लावला होता,” भाची खालून सावकाश म्हणाली. “मी दोनदा विचारलं होतं. दोनदा हो म्हणाले.”

“फाटकात आल्यावर यांनी खिशातून रुमाल काढला,” दाजी म्हणाले. “त्याच्याबरोबर क्लॅम्प खाली पडला. मी पायाखाली घेतला, म्हटलं पोरीला दिसायला नको. आणि रुमाल तरी यांनी कशाला काढला, ते मला आजवर कळलेलं नाही. घाम मला आला होता.”